छातीचा रस्ता हिरड्यांवरून

वरळी, रविवार

प्रिय बकुळाआत्या,

नमस्कार. तुझे गुडघे आता तुला पायऱ्या चढू देत असतील. इथली ताजी बातमी अशी की तुझ्या भावाच्या छातीच्या दुखण्यात हिरड्याही सामील आहेत. हे छातीच्या डॉक्टर राजलक्ष्मीबाईंनी स्वतः तपासून सांगितलं.

गिरणीतल्या कापसाच्या धुळीने अप्पांची फुप्फुसं कधीच थकवली, हे तुला ठाऊक आहे. पण गणपतीत भजनाची डबलबारी ठरलीय, अप्पांच्या समोर सामन्याला लालबागचे बुवा, आणि अप्पांचा दम पहिल्याच अभंगात संपतो. (चाळीत असतो तर खोकला ऐकून अख्खा मजला काढे घेऊन आला असता. टॉवरमध्ये लिफ्टसुद्धा थांबत नाही.) म्हणून दवाखान्यात नेलं. बाईंनी विचारलं, "तंबाखू?" अप्पा म्हणाले, "हात लावूक नाय कधी." आणि ते खोटं बोलत नव्हते. मग बाईंनी तोंड उघडायला सांगितलं (अप्पांनी आधी शर्ट वर केला, दवाखाना छातीचा म्हणून) आणि सुजलेल्या हिरड्या बघून दात कशाने घासता म्हणून विचारलं.

"मशेरीन."

"म्हणजे भाजलेला तंबाखूच ना, आजोबा?"

"तां दंतमंजन," अप्पा शांतपणे म्हणाले.

बाईंनी समजावलं, खराब हिरड्यांतले जंतू श्वासाबरोबर खाली उतरू शकतात, आणि आधीच दुखावलेल्या फुप्फुसांचं दुखणं वाढवू शकतात. हिरड्या सुधारल्या म्हणून छाती नवी होणार नाही, पण धाप लागणं कदाचित कमी होईल. अप्पांनी एवढंच विचारलं, "भजनाचो गजर पुरो होतलो?" बाई म्हणाल्या, मशेरी सोडा, मग बघू.

सोडली. आता ते ब्रशकडे नव्या जावयाकडे बघावं तसे बघतात. मान देतात, भरवसा ठेवत नाहीत.

तुझा,
हितेंद्र

ता. क. गणपतीच्या सामानात कोकमाची सोलं जरूर पाठव. दरवर्षी पाठवतेस तो मशेरीचा डबा मात्र नको. ती भाजताना तू स्वतःच किती खोकतेस, हे मे महिन्यात मी बघितलंय. सणाला ये, तुझ्याही हिरड्या दाखवू.

(अप्पांच्या अक्षरात) बकुळे, झिलाचा आयक. डबो धाडू नको, त्येका दिसता. सोलांच्या पिशयेत तळाक घाल.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी वरचं वाचलं. उद्या दातांचे डॉक्टर अप्पांच्या हिरड्या साफ करतील, गुरुवारी भजनाची तालीम आहे, आणि सोलांची पिशवी या घरात मी उघडणार आहे.