साकव मोडला

रविवार, २ मार्च

वहीबाई, फार उशीर झाला, रागावू नकोस. थंडी पडायला लागली तेव्हा तुला मिटलं, ते आज उघडतोय. कारण काही मोठं नाही. चष्म्याची काडी मोडली होती. चष्मेवाल्याने आज बसवून दिली, वर म्हणाला, "आजोबा, आता फळ्यावर शुद्ध लिहा."

सातवीपर्यंतच शिकलो. शुद्ध कुठून आणू?

तरी माझ्या फळ्यावर सगळ्यांचा भरवसा. पंपाच्या खोलीबाहेरचा काळा फळा. मी पाणीपुरवठ्यात वॉल्व्ह फिरवायचो तेव्हा त्यावर पाण्याच्या वेळा लिहायचो. नवी टाकी पलीकडे झाली, ही खोली कुणाला नको होती, ती माझ्याकडेच राहिली. डोंगराची वाट खोलीच्या मागूनच चढते. म्हणून आता फळ्यावर वाट लिहितो. इथली रीत ठरलेली आहे. वरून उतरेल त्याने आधी मला वाट कशी आहे ते सांगायचं, मग माझ्या माठातलं पाणी प्यायचं. कितीही तहान लागलेली असो. आधी वाट, मग पाणी.

आज लिहिलं: "कातळाची वाट कोरडी. गवताची वाट मोकळी, पण गोचिडी आहेत. बाह्या खाली, विजार मोज्यात." खाली कोपऱ्यात माझ्यासाठी लहान अक्षरात: "दुसरी सुई, शनिवार १५." गोचिडीच्या तापाची लस आहे ती. पहिली झाली. दंड दोन दिवस दुखला, मी मात्र आठवडाभर घाबरलो.

पलीकडच्या खोऱ्यातला एक गुराखी या तापाने महिनाभर पडून आहे. अजून उठलेला नाही.

धाकटीने सुई घेतलेली नाही. घेणार नाही म्हणते.

मंगळवार, ४ मार्च

झोप नीट नाही. धाकटीचा विचार.

रविवार, ९ मार्च

आज खोलीसमोरच्या बाकावर जुंपली. दर रविवारी चढणारी ही सात-आठ मंडळी, सगळी साठीच्या पुढची. त्यांना वाट दाखवते धाकटी. माझी धाकटी बहीण. शिवणकाम करते, रस्त्यापलीकडे दोन खोल्यांत राहते, आणि सहासष्टाव्या वर्षी बकरीसारखी चढते.

चष्मेवाला म्हणाला, "ज्याने लस घेतली नाही त्याने गटात यायचं नाही. नियम म्हणजे नियम."

बेकरीवाला म्हणाला, "मी तीस वर्षं त्या गवतात लोळतोय. मला काय झालं?"

"गोचिडीलाही काही आवडनिवड असते," चष्मेवाला म्हणाला.

सगळे हसले. बेकरीवालाही हसला, पण लाल होऊन. मग म्हणाला की सरकार सांगेल ते टोचून घ्यायला तो काही कोंबडी नाही. चष्मेवाला म्हणाला, कोंबड्या तरी रांगेत उभ्या राहतात. त्यावर एकाने विचारलं, ताप माणसाकडून माणसाला होत नाही ना, मग नियम कशाला? चष्मेवाल्याचा आवाज एकदम खाली आला. "वर कुणी पडलं तर उचलून आणायचं कुणी? माझ्या मेव्हण्याला मी उचलून आणलंय. परत नाही आणायचंय कुणाला."

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. दोघांचंही पटत होतं, हीच माझी अडचण. माझं मन म्हणजे दोन्ही बाजूंनी फिरणारा वॉल्व्ह.

धाकटी इतका वेळ बुटाची नाडी बांधत होती. उठली. म्हणाली, "तुम्ही कातळाच्या वाटेने जा. मी गवताच्या वाटेने एकटी जाते. डोंगर काही कुणाच्या दुकानात ठेवलेला नाही."

आणि गेली. एकटी! नेमकी गवताच्या वाटेने.

चारला उतरली. पाणी प्यायच्या आधी रीतीप्रमाणे म्हणाली, "ओढ्याला अजून बरंच पाणी आहे. साकव ठीक. गवत कमरेएवढं." बस्स. मला "दादा" म्हणालीसुद्धा नाही. मी तिची बाजू घेतली नाही म्हणून असेल.

बुधवार, १२ मार्च

तिच्याकडे गेलो. मशीनवर बसली होती, कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत. मी उभा. ती बस म्हणेना. मग स्वतःच स्टूल ओढलं.

म्हणालो, "नर्सबाई फार हलक्या हाताची आहे. कळतसुद्धा नाही."

"तू आठ दिवस विव्हळत होतास."

"ते माझं वेगळं."

मशीन थांबवलं तिने. म्हणाली, "दादा, ह्यांना इस्पितळात सुई दिली आणि त्याच संध्याकाळी हे गेले. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मला माहीत आहे हृदयच होतं. सुईचा काही दोष नाही, तेही माहीत आहे. पण मी त्यांचा हात धरला होता आणि त्या हातात सुई गेली. आता कुणाच्याही हातात सुई बघितली की मला तेच दिसतं. तू वाद घालू नकोस. वादात मी हरेन, पण सुई घेणार नाही."

पडद्याचं दुसरं टोक धरलं. ती शिवत राहिली. मी निघालो तेव्हा म्हणाली, "रविवारी साकवाच्या बाजूनेच जाणार आहे. तिथली एक फळी तपासायची आहे."

साकव म्हणजे ओढ्यावरच्या चार फळ्या. तिच्या नवऱ्याने टाकलेल्या. तो गेल्यापासून साकवाची डागडुजी हीच करते. त्याच्या दोन्ही बाजूंना गवत सगळ्यात दाट.

शुक्रवार, १४ मार्च

केलं. करायला नको होतं, पण केलं.

ओल्या फडक्याने फळा पुसला, वरपासून खालपर्यंत, एक अक्षर ठेवलं नाही. आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "साकव मोडला. गवताची वाट बंद."

साकव धडधाकट आहे. पण आजवर माझा फळा खोटं बोललेला नाही. उलट मी ढग बघून पूर लिहितो अशी माझी थट्टा होते. म्हणून तर सगळे मानतील. तीही. ओढा ओलांडता येणार नाही म्हटल्यावर ती त्या गवतात जाईलच कशाला? आठवडाभर असं राहू दे. तोवर नर्सबाईला तिच्याकडे पाठवतो, निदान बोलून बघेल.

अक्षर कधी नव्हे ते सरळ आलं.

शनिवार, १५ मार्च

सकाळी धाकटी फळ्यासमोर उभी राहिली. वाचलं. मी खिडकीच्या आडून बघत होतो, जीव टांगणीला. तिने विचारलं, "कुणी सांगितलं?"

"उतरलेल्या एकाने."

मान हलवली आणि घरी गेली. पटलं तिला! दिवसभर हलकं वाटलं. खोली झाडली. माठ घासला. दोन वेळा जेवलो. बेकरीवाल्याने विचारलं, "आजोबा, आज लग्नबिग्न आहे का तुमचं?"

आज काहीतरी करायचं होतं असं सारखं वाटतंय. आठवत नाही. जाऊ दे. इतकी स्वस्थ दुपार फार दिवसांनी मिळाली.

रविवार, १६ मार्च

हात दुखतो, पाय दुखतात, तरी आजच लिहितो. नाहीतर उद्या स्वतःलाच गोड करून सांगेन.

सकाळी मंडळी कातळाच्या वाटेने गेली. धाकटी त्यांच्यात नव्हती. वाटलं, घरी असेल. दुपारी चष्मेवाला उतरला. वाट सांगितली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुमची बहीण जबरदस्त बाई आहे हं. काल सुताराकडून दोन फळ्या नेल्या. आज भल्या पहाटे पाठीवर बांधून वस्तीमागच्या पायवाटेने वर गेली. मी म्हटलं थांबा, आम्ही येतो. तर म्हणाली, साकव मोडलाय, अंधारात कुणी पडलं तर? माझ्या माणसाने टाकलेला आहे, मीच नीट करते."

मी तिला साकवापासून लांब ठेवायला गेलो आणि साकवापाशीच पाठवली! मोडलेला साकव बघून परत फिरेल ती दुसरी बाई. ही नाही. हे मला माहीत नसेल तर कुणाला असणार? पण भीतीने डोकं असं भरतं की माहीत असलेलंही आठवत नाही.

चष्मेवाल्याला म्हणालो, "फळा खोटा आहे." त्याने पिशवी परत खांद्यावर टाकली. म्हणाला, "मी जातो, तुम्ही बसा." पण मी काठी घेऊन निघालो होतो. ही घाण मी केली होती. तो मागून आला. गवतात सारखा ओरडत होता, "आजोबा, विजार मोज्यात खोचा." कोण थांबतंय. वाकलो असतो तर उठलो नसतो.

ती साकवावर बसली होती. पाय खाली सोडून, नवऱ्याचे उंच बूट घालून, गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळून. शेजारी दोन्ही फळ्या तशाच बांधलेल्या. आम्हाला बघून म्हणाली, "या. मोडलेल्या साकवावरून जपून या."

मी काठीवर रेललो. धाप लागली होती.

"उतरलेल्या एकाने सांगितलं ना? तो उतरलेला एक कोण, दादा?"

चष्मेवाला ओढ्याकडे बघत उभा राहिला. बरा माणूस आहे.

"मी," म्हणालो. "तू इकडे येऊ नयेस म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी रोज बारीकसारीक गोष्टीला तुझ्या फळ्यावर विश्वास ठेवते. माणसांवर नाही ठेवत इतका." मग फळ्या उचलल्या. चष्मेवाल्याने एक घेतली. तिघं खाली उतरलो.

खोलीच्या पायरीवर तिने मला बसवलं. "विजार वर कर." गुडघ्यामागे एक गोचीड. तिळाएवढी, पण गच्च. चिमटा तिच्या पिशवीत होताच. "हलू नकोस." सरळ ओढून काढली. जागा साबणाने धुतली. तिच्या अंगावर एकही नव्हती.

मग फळा पुसला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: "साकव चांगला आहे. फळा चुकला होता." "आजोबा चुकले" असं लिहिता आलं असतं. तिने फळ्याला दोषी धरलं.

पुसताना तिने विचारलं, "इथे कोपऱ्यात तुझ्या सुईची तारीख होती ना?"

तेव्हा आठवलं, काल काय करायचं होतं ते.

सोमवार, १७ मार्च

आरोग्य केंद्रात गेलो. धाकटी सोबत आली, बाहेर बाकावर बसली. गोचीड चावून गेल्यावर आता काय म्हणून नर्सबाई चिडली, मग नरमली. सुई टोचली. "ही आता पुढच्यासाठी. या वेळेला पहिलीचा जो आधार असेल तो. आठ-दहा दिवस ताप बघा. अंग दुखलं, डोकं धरलं, तर लगेच यायचं. फळ्यावर लिहून ठेवू नका. या."

केंद्रातही लोकांनी माझ्या फळ्याची चर्चा केलेली दिसते.

बाहेर आलो तर धाकटी बाकावर नव्हती. रागाने पुढे निघून गेली असणार. एकटाच आलो.

मंगळवार, १८ मार्च

ताप नाही. सकाळ-दुपार-संध्याकाळ बघतो. थर्मामीटर काखेत धरूनच वाट विचारतो लोकांना. बेकरीवाल्याने पाव आणून दिला आणि हळूच विचारलं, "आजोबा, ते केंद्र किती वाजता उघडतं?" मी सांगितलं. चष्मेवाल्याला सांगू नका म्हणाला.

धाकटी जेवण ठेवून जाते. बोलत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

गुरुवार, २० मार्च

ताप नाही. कंबर दुखते. चढलो त्याचं असेल.

एक मुलगी उतरली, अनोळखी. "काका, फळ्यावर लिहिलंय ते खरं आहे ना?" म्हणाली. पूर्वी असं कुणी विचारत नव्हतं. खरं आहे म्हणालो. पाण्याचा पेला पुढे केला. तिने आधी वाट सांगितली, मग घेतला. थोडं बरं वाटलं.

संध्याकाळी अंगात कणकण. पांघरूण दोन घेतलंय. गुडघेच असतील.

रविवार, २३ मार्च

मोठं इस्पितळ. शुक्रवारपासून. ताप तोच आहे म्हणतात. एक सुई आधी होती, तिने काही अडवलं तर अडवलं. डॉक्टर आशा सोडू नका म्हणतात, म्हणजे काय ते मला कळतं.

काल धाकटी दिवसभर बसली होती. हाताला सलाईन लावलं तेव्हा उठून जाईल असं वाटलं. गेली नाही. माझा हात धरून त्या सुईकडे बघत राहिली. मी म्हणालो, "नको बघू." म्हणाली, "सोमवारी तू बाहेर यायच्या आत मी मागच्या दाराने आत गेले होते. घेतली. तू गवतात शिरलास की मागे यायला कुणीतरी नको का?"

आज रविवार, माणसं येतील, म्हणून मीच तिला पहाटेच्या बसने परत पाठवली. फळा तिच्या हातात आहे.

धाकटे, साकवापाशी गवत कापलं का, वाट कशी आहे, इथल्या नर्सबाईच्या फोनवर कळव. लवकर कळव. तोवर मी पाणी पीत नाही.