एका राउटरचे दोन

३ फेब्रु., मंगळवार
जळगाव जामोदच्या दवाखान्याचं काम माझ्याकडे आलं. राउटर एकच. लॅबची मशीनं, नोंदणी, पेशंटच्या नातेवाइकांचे मोबाइल, सगळे त्यातच घुसलेले. दुसरा घेणार नाहीत. म्हणून त्याच्याच पोटात दोन आभासी राउटर करायचे, एका घरात दोन चुली मांडल्यासारखे. इथे उंद्रीत बसूनच, इंटरनेटवरून होईल. तिथले संगणक कुलकर्णीकाका सांभाळतात. मला वायर कापायलाही त्यांनीच शिकवलं.

५ फेब्रु., गुरु.
दुपारी दोनला सुरू केलं. पोर्ट, म्हणजे वायर खोचायचं तोंड, नव्या आभासी राउटरात हलवला की त्याचा पत्ता पुसला जातो, परत टाकावा लागतो. माहीत आहे. लॅबचा केला, चालला. मग मी ज्या पोर्टमधून आत शिरले होते तोच हलवला! दवाखान्याचं इंटरनेटही त्यातूनच, वॉर्डात जाणारे लॅबचे रिपोर्टही. पत्ता पुसला, स्क्रीन गार. बसल्या फांदीवर कुऱ्हाड.
काकांना फोन. म्हटलं राउटर बंद करून चालू करा. सेव्ह केलं नव्हतं, जुनं परत येईल. पण राउटरच्या खोलीची किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर जेवायला गेलेले. तोवर काका लॅबचे रिपोर्ट हातात घेऊन जिने चढत-उतरत होते. एका बाळंतिणीचं रक्त कमी होतं. फोनवर काकांची धाप ऐकू येत होती आणि मी इथे खुर्चीत.
पावणेतीनला सुरू झालं. बाई ठीक आहे.

६ शुक्र.
मॅनेजरने विचारलं, कोणी हात लावला? काका म्हणाले, मी. चुकून वायर ओढली गेली.
मी फोनवर भांडले त्यांच्याशी. तर म्हणे, "तुयी नौकरी नवी हाये पोरी. मले कोन काय म्हनते?"
सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

९ सोम.
खामगावला गाडी बदलून स्वतः गेले. राउटरलाच वायर लावून केलं. दोन्ही चालू. बाकावरच्या नातेवाइकांच्या मोबाइलवरून लॅबचं मशीन दिसत नाही, उड्या माराव्याशा वाटल्या. काकांनी चहा आणला.
निघताना मॅनेजर सहज म्हणाले, काकांचा करार मार्चनंतर वाढवत नाही, वायरी ओढायला लागलेत आता. मी "हं" म्हणाले. काय बाई आहे मी.

१० मंगळ.
ऑफिसला अहवाल पाचपर्यंत द्यायचा, प्रत मॅनेजरला. गुरुवारी सेवा का बंद पडली? लिहिलं, माझी चूक. पाठवण्याआधी काकांना सांगितलं. तर म्हणाले,
"बुढ्ढा झालो म्हनून काढतीन त चालते पोरी. खोटं बोललो म्हनून नको काढू देऊ."
पावणेपाच. 'माझी चूक' ही ओळ दोनदा खोडली. आत्ता लिहिलेली आहे.