न उमटणारा पासवर्ड

मंगळवार, एप्रिल. नळ आजही कोरडाच.

अर्चनाकडून आत्ता आलो, डोकं तापलेलंच आहे. कॉलेज सोडल्यापासून मनापासून केलेलं हे एकच काम. ती घरी लोकांचे अर्ज टाइप करून देते, तो जुना कॉम्प्युटर रखडायचा, म्हणून त्यावर विंडोज काढून लिनक्स ही फुकटातली हलकी सिस्टीम टाकून दिली. आज प्रिंटर जोडायचा होता. स्क्रीनवर कमांड द्यायची काळी खिडकी उघडून तिला म्हटलं, पासवर्ड टाक.

"विक्या, काहीच उमटंना. कीबोर्ड गेला का?"

"तिथं उमटत नसतं, पण आत जात असतं. टाक तू."

"मग मला कळावं कसं?" म्हणत तिनं बटणं जोरजोरात दाबली. पासवर्ड चुकला. मी ओरडलो, "अगं, जोर कशाला लावती! जरा भरवसा ठेव की!" एवढं ओरडायचं काय नडलं होतं?

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. हंडे उचलता उचलता ती म्हणाली, "राहू दे बाबा. तुझं लिनक्स लई हुशार लोकांचं हाय. आमचा दादा उद्या समदं पुसून जुनं विंडोजच टाकणारे."

म्हणजे उद्यापासून त्या घरी जायला मला निमित्तच नाही.

लिनक्सवाल्यांनी अक्षरांच्या जागी नुसते ठिपके दाखवले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? आत जात असतं म्हणे. खरंच जातं का?

पासवर्ड मीच ठेवला होता, दौलताबाद. कॉलेजच्या सहलीत तिथंच ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती. हाच का ठेवला, एवढंही तिनं विचारलं नाही. उद्या दादा पुसेल, त्यात तोही जाईल.