उरलेल्याचा तिसरा हिस्सा

प्रिय अनुजा,

माझं गणित चुकलं आणि त्यात तुझा वाटा कमी झाला, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या आप्पांनी जायच्या आधी दवाखान्यात सांगून ठेवलं होतं. रक्षा पंचगंगेत सोडायची नाही. निम्मी मुरगूडच्या शेतात, आंब्याच्या बुडात. उरलेल्याचा तिसरा हिस्सा आपल्या दारातल्या सोनचाफ्याला, माझ्यासाठी. बाकी सगळी अनूला. बोलताना धाप लागत होती, तरी माझ्याकडे बघून हसले. पाचवीतलं तुझं उदाहरण आठवलं असणार. निम्मी भाकरी बाबांनी खाल्ली, उरलेलीचा तिसरा हिस्सा आईने, तर लेकीला किती? तू दर वेळी तिसरा हिस्सा अख्ख्या भाकरीचा काढायचीस. मी तेच उदाहरण वीस वेळा लिहायला लावलं आणि तोवर ताट वाढलं नाही. आप्पांनी आपल्या ताटातली भाकरी मोडून तुझ्यापुढे धरली. म्हणाले, "गेली ती गेली की, अनू. आता हाय तेवढीच अख्खी धरायची." तुला लगेच कळलं. मला ते आवडलं नव्हतं.

रक्षा घरी आली ती मी आमटीच्या वाटीने मोजली. सहा वाट्या भरल्या. तीन तुझे चुलते शेतात घेऊन गेले. सहाचा तिसरा हिस्सा दोन, म्हणून दोन मी चाफ्याच्या आळ्यात घातल्या, माती ओढली, पाणी सोडलं. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. चहा दोन कप होतो, एक ओतून देते. काल तुझा डबा भरायला घेतला, तर उरली होती एकच वाटी. छत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं मी. तीनचा तिसरा हिस्सा एक.

तुला कळवलं तेही सगळं उरकल्यावर. लग्नानंतर तू या घरात पाऊल टाकायचं नाही, हे मी सांगितलं होतं, आप्पांनी नाही. नऊ वर्षं ते महिन्यातून एकदा सांगलीला कामाला म्हणून जायचे. कसलं काम, हे मी कधी विचारलं नाही.

दोन वाट्या तुझ्या होत्या. एक पाठवते आहे. दुसरी चाफ्याखाली आहे, ती मला काढता येत नाही. तिच्यासाठी तुलाच इथे यावं लागेल. जावयांनाही आण.

तुझीच,
आई

तुझा मामेभाऊ विश्वजित सांगलीला येतो आहे, त्याच्या हाती दिलं:
पितळी डबा, एक. आत रक्षा, एक वाटी.
आप्पांचा चष्मा.
रक्षा मोजली ती वाटी, स्टीलची, एक. परत आणायची.