ज्याचं त्यानं द्यावं

४ मार्च

ती. ताईस,

सप्रेम सलाम वि. वि. तुझं पत्र नाही म्हणजे दुकान जोरात चाललं असणार. मटण तोडणारे हात लेखणी धरायला कंटाळतात, हे तुझंच म्हणणं. भावोजींच्या माघारी एकटीने तो पसारा ओढतेस, म्हणून माफ.

इथली मोठी बातमी म्हणजे चर्चचं छप्पर झालं. नवे पत्रे, नवे वासे, गळती बंद. सगळा खर्च एकट्या ठेकेदाराने केला. इमारती बांधणारा आडदांड माणूस आहे, पहिल्या बाकावर बसतो. मंडळीत त्याला सगळे ‘दानशूर’च म्हणतात. पंचकमिटीने त्याच्या नावाची पाटी लावली आणि मी वेदीवरून टाळ्या मागितल्या.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळतो आहे. आपली माणसं मूळव्याधीसाठीसुद्धा भर चर्चमध्ये प्रार्थना मागतात, पण मिळकत किती नि कर्ज किती, हे विचारलं की अळीमिळी गुपचिळी. आणि आम्ही पाळक नुसतं द्या द्या म्हणतो, घरात काय उरतं ते विचारत नाही. म्हणून दर गुरुवारी एकेका घरी चार-पाच कुटुंबांनी बसायचं, आणि मिळतं किती, जातं कुठे, द्यावंसं मनापासून वाटतं का, हे मोकळेपणाने बोलायचं असं ठरवलं आहे. समजून उमजून दिलेलंच टिकतं. खजिनदार म्हणाला, की साहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कशाला उघडता. मी हसलो.

पहिली बैठक दानशूराच्याच घरी. त्याची बायको शर्टाच्या कारखान्यात काजं-बटणं करते. फार अबोल बाई. तिला बोलतं करायचं मनात आहे. तुझा सल्ला हवा, पण शिव्या वगळून.

लोभ आहेच; त्याचं वजन तुझ्या काट्यावर कमी भरू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


११ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या अकलेला वेगळा सलाम. शिव्या वगळल्या तर माझ्या पत्रात सही तेवढी उरेल.

कल्पना वाईट नाही. पण माझ्या दुकानात मी काय बघते ते सांगते. सकाळी नवरा येतो, दोस्तांच्या जेवणासाठी चांगला मऊ भाग नेतो, वर माझ्या पोऱ्याला बक्षिसी देतो. संध्याकाळी त्याचीच बायको येते आणि उरलीसुरली हाडं आहेत का म्हणून हळूच विचारते. पैशाची गोष्ट काढलीस, की घरात धनी कोण ही गोष्ट निघणारच. आणि ज्याला धनीपणाची चटक असते, त्याला ती चारचौघांत निघालेली खपत नाही.

तेव्हा बायकांना वेगळं बसव. नवऱ्यादेखत बायकोला तिच्या कमाईचं विचारू नकोस, आणि त्या अबोल बाईला तर मुळीच नको. माणूस उगाच अबोल होत नाही. हे गुरुवारच्या आत तुला मिळावं म्हणून दुकान उघडं टाकून टपालाच्या पेटीकडे निघाले आहे. गिऱ्हाईक ओरडतं आहे, ओरडू दे.

जपून रहा. माझी माया तुला ठाऊक आहे, लिहून कागद का वाया घालवू?

ताई


२२ मार्च, इस्पितळातून

ती. ताईस,

स. स. वि. वि. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. बैठक गुरुवारी होऊन गेली होती.

घाबरू नकोस, मी जगणार आहे. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे, दात तारेने आवळले आहेत. बोलता येत नाही, म्हणून पाटी-पेन्सिलीवर संसार चालला आहे. ही म्हणते, की लग्नापासून पहिल्यांदाच घरात तिचं ऐकून घेतलं जातंय.

झालं ते असं. बैठकीत दानशूराने ऐटीत सांगितलं, की दहावा भाग सगळेच देतात, तो स्वतः मिळकतीचा तिसरा भाग देतो. सगळ्यांनी वाहवा केली. मी त्याच्या बायकोकडे वळलो आणि तिचा पगार किती ते विचारलं. ती म्हणाली, की तिला माहीत नाही, कारण लग्नापासून पगाराचं पाकीट तोच कारखान्याच्या फाटकावर घेतो. मग तिला थांबवेना. म्हणाली, की ठेकेदारी केव्हाच बुडाली. छपराला लागले ते तिच्या आईचं घर मारून मुटकून विकायला लावल्याचे पैसे, आणि उरलेले तिच्या बटणांचे. कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने घात केला.

पाहुणे गेल्यावर त्याने तिचा डावा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लावलं. उघडलं, आणि पुन्हा लावलं. तीन बोटं चिरडली. सकाळी ती आमच्या दारात उभी, हाताला उशीचा अभ्रा गुंडाळलेला, त्यातून रक्त पायरीवर ठिबकत होतं. हिने तिला आत घेतलं, डॉक्टरकडे नेलं, ठेवून घेतलं. पोलिसांकडे जायला मात्र ती तयार होईना.

रविवारी ती हिच्याबरोबर मागच्या बाकावर बसली होती. अर्पणाची थैली फिरत होती, तेव्हा तो आला. हातात बांधकामाच्या परांचीचा लोखंडी पाइप. पहिला घाव माझ्या खांद्यावर, दुसरा तोंडावर. मी पडलो तेव्हा तोंडात दात खड्यांसारखे खळखळले. तो मला मारत होता आणि विचारत होता, की सांग आता तुझी मिळकत किती. डोळ्यांत रक्त आलं होतं, तरी मला बाकं दिसत होती. सगळे बसून होते, ताई. सगळे. थैलीवाला थैली छातीशी धरून उभा. उठली ती एकटी तीच. चांगल्या हाताने तिने पाइप धरला. त्याने तो सोडून दिला आणि उघड्या पंजाने तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की ती बाकाच्या कडेवर आपटली. त्या डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. मग तो दमला आणि पहिल्या बाकावर, आपल्या नेहमीच्या जागी, जाऊन बसला. पोलीस येईपर्यंत तिथेच होता. तक्रार मी पाटीवर लिहून दिली, आता तो कोठडीत आहे.

शिव्या आता घालायला हरकत नाही.

बारक्या


२७ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून सत्तूर उचलला आणि तीन गिऱ्हाइकांची हाडं अशी फोडली, की त्यांना भुगाच घरी न्यावा लागला.

तुझ्या मंडळीबद्दल लिहायला बसले तर शाई पुरायची नाही. माझ्या दाराशी कुत्र्याला कोणी दगड मारला, तर चार माणसं धावून येतात.

त्या बाईला माझ्याकडे पाठव. एका हाताने होईल असं काम आहे. पगार तिच्या हातात देईन, सगळ्यांदेखत. ती कुठे गेली ते कोणाला सांगू नकोस, प्रार्थनेत देवालासुद्धा मोठ्याने नको. आणि तू दिलेल्या तक्रारीवर ठाम रहा. मला तुझी खोड माहीत आहे. लहानपणी मार खाऊन यायचास आणि मारणाऱ्यालाच पाणी नेऊन द्यायचास.

दूध पी, ताकद धर. माया उधार नाही, रोख आहे.

ताई


८ एप्रिल

ती. ताईस,

स. स. वि. वि. ती पोचल्याचं कळलं. तू तिचं नाव ‘बटण’ ठेवलंस आणि ती हसली, हे वाचून हिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तिला हसताना पाहिलेलं नाही.

आता रागावू नकोस. पंच घरी आले होते, पाचही जण. म्हणाले, की तुम्ही जन्मभर आम्हाला द्यायला शिकवलंत. पैशापेक्षा मोठं दान क्षमेचं, आणि ते द्यायची वेळ आली तर तुमचीच मूठ मिटलेली? तिने तक्रार दिलीच नव्हती, सगळा खटला माझ्या एकट्याच्या सहीवर उभा होता. मी तक्रार मागे घेतली. परवा तो सुटला, थेट इथे आला, माझ्या गळ्यात पडून रडला. खरंच रडला. अशा माणसाला दार बंद करायचं, तर मी वेदीवर कोणत्या तोंडाने उभा राहू?

तिचा ठावठिकाणा कोणाला सांगितला नाही. फक्त खजिनदाराला. गाडीभाडं मंडळीच्या निधीतून दिलं होतं, पावतीवर लिहायला त्याने विचारलं.

तुझं मन मोठं आहे, त्यात माझ्या भोळेपणालाही कोपरा असू दे.

बारक्या


२४ एप्रिल

बारक्या,

ती जिवंत आहे, मी जिवंत आहे, तोही आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

शनिवारी सकाळी दुकानात गर्दी होती. तो आला. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. रांगेत उभा राहिला. मी त्याला कधी पाहिलेला नाही, मला काय कळणार? बटण आत कोंबड्या साफ करत होती. त्याचा नंबर आल्यावर काय देऊ म्हणून विचारलं, तर म्हणाला, की त्याची बायको. मला ती थट्टा वाटली. तेवढ्यात ती कोंबड्यांची परात घेऊन बाहेर आली.

त्याने फळीवरून वाकून तिचे केस धरले आणि तोंड काट्याच्या पारड्यावर आपटलं. एकदा, दोनदा. पारडं घंटेसारखं वाजत होतं. मी वजन उचलून त्याच्या कानशिलात घातलं, तरी तो हलला नाही. हाडं सोलायची सुरी त्याने खुंटीवरून ओढली. मी ती पात्याला धरली, माझा तळवा उभा फाटला. त्याने सुरी हिसकली आणि तिच्या मानेवर ठेवली. तो ओरडत होता, की पाळकाने माफ केलंय, पंचांनी माफ केलंय, आता तू कोण लागून गेलीस. मानेवरून रक्ताची ओळ उतरली. ठोकळ्यावर सत्तूर होता. तिने न बघता उचलला आणि त्याच्या हातावर घातला. सुरी पडली नाही. पुन्हा घातला. मी इतकी वर्षं हाडं तोडते आहे, पण तो आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

मग गिऱ्हाइकं तुटून पडली. दोन बायकांनी त्याला जमिनीवर दाबून धरला. मी अंगावरचं फडकं फाडून त्याचा दंड आवळला, नाहीतर तो तिथेच संपला असता. हात कोपराखाली काढावा लागला. तिच्या मानेला टाके आहेत, नाक मोडलं आहे. त्याच अवस्थेत ती पोलिसांसमोर बसली आणि दारापासून सुरीपर्यंत सगळं सांगून, तक्रारीवर सही करून, मगच टाके घालून घ्यायला गेली.

आता तुझं. तुझ्या जबड्याची माफी तुझी होती, ती तू खुशाल वाटायचीस. तिच्या बोटांची, कानाची माफी तू कोण देणारा? आयजीच्या जिवावर बायजी उदार! तो तिच्या पगारावर दानशूर झाला आणि तू तिच्या जिवावर.

या खेपेला लोभाबद्दल काही लिहीत नाही.

ताई


३ मे

ती. ताईस,

सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा मंडळीला वाचून दाखवलं. शेवटचं, माझ्याबद्दलचं, मुद्दाम सावकाश.

आधी पोलिसांकडे गेलो आणि तक्रार पुन्हा दिली. खजिनदाराला विचारलं. तो म्हणाला, की समेट व्हावा म्हणून पत्ता दिला, त्याचा हेतू चांगला होता. मी म्हणालो, की माझाही होता. दातांची तार निघाली आहे, पण शब्द अजून तोंडात अडखळतात. तशाच बोबड्या बोलीत वेदीवरून सांगितलं, की हे छप्पर कोणाच्या पैशाचं आहे, आणि टाळ्या मी मागितल्या होत्या. मग शिडी लावून पाटी स्वतः उतरवली. दोन कुटुंबं उठून गेली. बाकीच्यांच्या माना खाली. थैलीवाला उभा राहिला आणि रडत म्हणाला, की त्या रविवारी मार चालला होता आणि त्याला काळजी वाटत होती ती थैली सांडण्याची. त्याच्यामागून एकेक जण बोलायला लागला. असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि कोणी स्वतःला चांगलं म्हणवून घेत नव्हतं.

मंडळीने ठरवलं आहे, की छपराला लागलेले पैसे तिचे आहेत, ते महिन्यामहिन्याने तिला परत करायचे. ती घेईल का, ते विचार. गुरुवारच्या बैठका पुन्हा सुरू करतो आहोत. बायका वेगळ्या बसतील, आमची ही त्यांच्यात असेल.

आणि मी तिची क्षमा मागतो. द्यावीच असं नाही. उत्तर नाही आलं तरी तिचा अधिकार आहे.

तुझ्या तळव्याला जप. माझ्या वाट्याचा लोभ परत मिळेल तेव्हा मिळेल, मी घाई करत नाही.

बारक्या


१९ मे

आ. पाळकसाहेबांस,

स. स. वि. वि. ताई म्हणाल्या, की उत्तर तुझं तू लिही, म्हणून लिहिते आहे. अक्षराकडे बघू नका, कागद धरायला डावा हात नीट चालत नाही.

माझ्या मानेची जखम भरली. नाक वाकडं राहिलं. ताई म्हणतात, की आता चेहऱ्यात जरा दरारा आला, उधारीवाले मुकाट पैसे टाकतात. माझ्यावर खटला होणार नाही असं वकिलांनी सांगितलं, त्याच्यावर होईल. तो तुरुंगाच्या इस्पितळात हातासाठी रडतो असं कळलं. मला वाईट वाटलं नाही. वाटलं नाही, याचं मात्र थोडं वाटलं.

छपराचे पैसे परत करायचे म्हणता. करा. मी नको म्हणणार नाही. त्यात माझ्या आईचं घर आहे. पाकिटावर माझं नाव घाला, दुसऱ्या कोणाचं नको.

तुम्हाला क्षमा केली. तुम्ही मागितलीत आणि माझ्यापाशीच मागितलीत, म्हणून. त्याला केलेली नाही. करीन की नाही ते मला माहीत नाही. पंचांना सांगा, की याबद्दल कोणी मला भेटायला येऊ नये.

परवा ताईंबरोबर इथल्या चर्चमध्ये गेले. आदल्या दिवशीच पगार झाला होता, पैसे माझ्या पिशवीत होते. थैली माझ्यापुढे आली तेव्हा ताई मुद्दाम खिडकीकडे बघत बसल्या. मी थैली हातात घेतली. टाकावंसं वाटलं, साहेब, खोटं कशाला सांगू? बरंच टाकावंसं वाटलं. पण हे माझं आहे, आणि मी दिलं नाही तरी मला कोणी मारणार नाही, हे मला आधी बघायचं होतं. मी थैली तशीच शेजारच्या बाईकडे दिली. ती माझ्याकडे बघून हसली आणि पुढच्या बाकाकडे सरकवली. काही झालं नाही. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले, मीही राहिले.

पुढल्या महिन्यात टाकीन कदाचित. कदाचित त्याच्याही पुढल्या.

शेवटी चूकभूल माफ असावी असं लिहायची रीत आहे. मी यात काही चुकलेली नाही, म्हणून ते सोडून बाकी लोभ असू द्यावा.

आपली,
बटण