वरचं मी भरते

९ नोव्हेंबर

पाय गेले! तिसऱ्या दिवशीही अर्धी गल्ली कुलूपबंद. दिवाळीला गावी गेलेले लोक तुळशीचं लग्न लावल्याशिवाय हलत नाहीत, आणि आले की लगेच लग्नसराईला परत अमळनेर, पारोळा, शिरपूर. मतदार यादीच्या फेरतपासणीचा मुहूर्त ज्याने काढला, त्याने खानदेशी माणसाचं कॅलेंडर पाहिलेलं नाही. घर बंद दिसलं की 'स्थलांतरित' लिहा, असं वरून आलंय. अरे, कुलूप म्हणजे स्थलांतर?

सातवीचा वर्ग सरलाबाईंच्या गळ्यात मारलाय आणि मी सुरतेतल्या या डिंडोलीभर फॉर्म वाटत फिरतेय. देशाच्या निवडणुका म्हणे या यादीवर उभ्या राहतात. सध्या तरी माझ्या टाचांवर उभ्या आहेत.

११ नोव्हेंबर

कचेरीत मीटिंग. आमचे सुपरवायझर भूपेंद्रभाई — गोड माणूस, चहा विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाही. आज मात्र बजावून सांगितलं, दोन ठिकाणी नाव असणं हा गुन्हा आहे.

झालं! आमच्या गल्लीत एकालाही सोडता येणार नाही. गावी पंचायतीची निवडणूक लागली की जीप येते, रश्शाचं जेवण असतं, अख्खी गल्ली जाऊन मत देते आणि सोमवारी परत लूमवर हजर. कुणाला त्यात चोरी वाटत नाही. गावच्या यादीत नाव नसलं तर लोक माणूस मेला समजतात! आणि सुरतेचं नाव तर हवंच, इथे पोट आहे.

भूपेंद्रभाईंनी एक वेगळा गठ्ठा दिला. नाव कमी करण्याचा अर्ज. वर कुणाचं नाव, कारण काय. खाली अर्ज करणाऱ्याची सही. "गामनुं नाम कमी करावी दो, बेन. सही लई लो, बाकीनुं ऑपरेटर भरी देशे." बरं वाटलं. आपली माणसं गुन्ह्यातून सुटतील.

१४ नोव्हेंबर

आमच्या गल्लीतल्या काशीबाई उद्या भाचीच्या लग्नाला पारोळ्याला. दारात साड्यांचा ढीग, हातात कात्री — धागा कटिंगचा माल पोचवूनच निघणार. मी अर्ज पुढे केला. गावाकडचं नाव कमी करायचंय, खाली अंगठा द्या, वरचं मी भरते.

"अंगठा काय, हात ल्या! मी काय वाचू? तुम्ही काय माले इहीरमा ढकलशात!"

शाई लावली, अंगठा दिला, बोट पदराला पुसलं. गल्लीतल्या तीसेक लोकांचे असेच घेतले. सगळे निघायच्या घाईत, आणि गावचा यादी भाग क्रमांक कुणाला पाठ असतो? बाबा म्हणायचे, कोऱ्या कागदावर सही करणारा अर्धा शहाणा आणि घेणारा पूर्ण. आज मी बरीच शहाणी झाले.

१५ नोव्हेंबर

गठ्ठा भूपेंद्रभाईंकडे दिला. पोच मागितली तर हसले. "घरना माणसने पोच होय, बेन?"

३ डिसेंबर

ग्रुपवर मेसेज — माझ्या भागात 'गैरहजर' इतके कमी कसे? 'पटरीकडची गल्ली फरी एक वार जुओ.' पाहिली. परत पाहिली. सगळे घरात, सगळ्यांनी फॉर्म भरलेले. पटरीकडची गल्ली म्हणजे आमच्या मागची. नागपूर-भुसावळकडची बौद्ध घरं, बहुतेक रेल्वेत नाहीतर मिलमध्ये आलेली. तिथली मतं कुणीकडे जातात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून का?

नको ते विचार. टाच सुजलीय, त्याने डोकं फिरत असेल.

१९ डिसेंबर

कच्ची यादी लागली. माझ्या भागात जिवंत माणूस एकही गळला नाही! मागच्या गल्लीतल्या सोमाभाऊंच्या घरची पाचही नावं आहेत. सोमाभाऊ रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झाले, सत्तावीस वर्षं त्याच घरात. त्यांची राखी माझी विद्यार्थिनी, आता सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये जाते. पहिल्यांदाच यादीत आलीय. स्वतःच्या नावाचा फोटो काढून मला पाठवला, खाली — 'बाई, मी नागरिक झाले!'

पेढे खाल्ले. माझ्या खर्चाने.

९ जानेवारी

संध्याकाळी राखी आली. नेहमीसारखी आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी.

हातात नोटीस. सोमाभाऊ, तिची आई, ती — तिघांच्या नावावर हरकत. 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.' हरकत घेणाऱ्याचं नाव काशीबाई. खाली अंगठा.

"काशीआजीने मला पहिली अंघोळ घातली होती बाई. तीच म्हणते मी इथे राहत नाही?"

मी म्हटलं, काहीतरी चूक असेल. राखी म्हणाली, "आमच्या पूर्ण गल्लीत आल्यात. सगळ्या तुमच्या गल्लीतल्या लोकांच्या सहीने."

ती गेल्यावर मी दार लावलं आणि कुणाकुणाचे अर्ज घेतले ती वही शोधून काढली.

१० जानेवारी

कचेरीच्या खिडकीवर लावलेल्या हरकतींच्या यादीशी माझी वही ताडून पाहिली. सव्वीस नोटिसा. हरकत घेणारे सगळे माझ्या वहीतले — ज्यांच्याकडून मी कोरे अर्ज घेतले, तेच. एकही बाहेरचा नाही! गावचं नाव कमी करायला दिलेला अंगठा शेजाऱ्याचं नाव कमी करायला वापरला. वरचं कुणीतरी भरलं. ऑपरेटरने? त्याला कुणी सांगितलं? देव जाणे. मला एवढंच माहीत की तो कागद कोरा होता आणि तो मी नेला.

भूपेंद्रभाईंना गाठलं. त्यांनी चहा मागवला! मग हळू आवाजात म्हणाले, "अंगठो कोणे लीधो, बेन? तमेच ने?" घेतले होते मीच. तुम्ही बोललात तर सगळ्या हरकती पडतील, म्हणाले. पण मग पहिलं नाव तुमचं.

हसत होते. चहात साखर जास्त होती.

११ जानेवारी

नवऱ्याला, ललितला, सगळं सांगितलं. मार्केटात साड्यांच्या दुकानात मेहताजी आहे, हिशेब लिहितो, कागदाचं त्याला कळतं. ऐकून त्याने चष्मा पुसला. "सस्पेंड होशील. वर गुन्हा दाखल होईल. आणि त्यांचं कुणाचं काही होणार नाही." मी म्हटलं, मग मागच्या गल्लीने मत द्यायचंच नाही? तो म्हणाला, "आधी तू घरी बसशील की आत, ते बघ."

मला राग आला. त्याचा नाही. तो जे म्हणाला तेच मी आधी मनात म्हणून झाले होते, त्याचा.

१४ जानेवारी

उत्तरायण. गच्च्यांवर पतंग आणि कर्णे, 'काप्यो!'ची बोंब. लग्नानंतर गावीच राहिलेल्या काशीबाई परत आल्यात. दरवर्षी गावाहून भरताची वांगी आणतात, पिशवीभर आमच्याकडे, पिशवीभर सोमाभाऊंकडे. आज सोमाभाऊंच्या दारातून पिशवी परत आली. सोमाभाऊ म्हणाले म्हणे, "आम्ही इथं राहतच नाही, तर भरीत खाणार कोण?"

काशीबाई ती पिशवी घेऊन माझ्याकडे. "बाई, मी काय कयं तेस्नं? माले समजत नही." डोळ्यांत पाणी. नोटिशीची गोष्ट त्यांना कुणी धड सांगितलीच नव्हती. मीही नाही सांगितली. दोन्ही पिशव्या माझ्या ओट्यावर आहेत.

१८ जानेवारी

वांगी मऊ पडायला लागली. भाजायला मन होत नाही.

२५ जानेवारी

मतदार दिन. मला प्रमाणपत्र मिळालं! 'उत्कृष्ट कामगिरी.' भूपेंद्रभाईंनी स्वतःच्या हाताने दिलं, फोटो काढला. मग शपथ — निर्भयपणे, कोणत्याही दबावाला बळी न पडता... माइकवर मीच वाचली, आवाज चांगला आहे ना माझा. समोर दोनशे माणसं हात पुढे करून माझ्या मागून म्हणत होती. शेवटच्या रांगेत राखी. तिने हात पुढे केला नव्हता.

आजवर मला वाटायचं निवडणुकीत लबाडी म्हणजे पेट्या पळवणं, मारामाऱ्या. इथे कुणी कुणाला हात लावला नाही. मतदानाचा दिवस यायचाय, बटण दाबायचंय, बोटाला शाई लागायचीय — आणि मागच्या गल्लीची निवडणूक होऊन गेली. ती मी घेतली, चौदा नोव्हेंबरला, कात्री आणि साड्यांच्या ढिगाशेजारी.

२६ जानेवारी

ठरलं. परवा हरकतींची सुनावणी. सांगणार. कोरे अर्ज मी घेतले, म्हणून. काय व्हायचं ते होवो! लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

ललितशी बोलले नाही. रात्रीची भाकरी त्याने स्वतः वाढून घेतली.

२७ जानेवारी

कालचं पान फाडता येईल, हे सुचलं. पण ठरलंय.

२८ जानेवारी

हरकत घेणारे म्हणून सगळ्यांना बोलावणं होतं, पण आमच्या गल्लीतले बाकीचे कुणी आले नाहीत — काही गावी, काही घाबरून. फक्त काशीबाई, नवं लुगडं नेसून. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अर्ज पुढे धरला. काशीबाई म्हणाल्या, "आंगठा मनाच शे, साहेब. पन कागद कोरा व्हता. बाईनी लिन्हा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही घेतला?"

भूपेंद्रभाई खिडकीबाहेर बघत होते. राखी समोरच्या बाकावर, तिच्या शेजारी सोमाभाऊ.

मी म्हटलं, "नाही."

काशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आपणच काहीतरी विसरलो की काय, असं. मग साहेबांना म्हणाल्या, "बाई नही म्हनतस ना, मंग नही. मनीच याद चुकनी व्हई." कारकुनाने 'हरकत माझीच' असा त्यांचा जबाब लिहिला आणि शाईचा डबा पुढे सरकवला. त्यांनी अंगठा बुडवला, कागदाजवळ नेला आणि थांबल्या.

"दिऊ ना, बाई?"

मी मान डोलावली.