बोटीचा दुसरा जिना

मी, श्रीमती लीलाबाई जोतीराम जगदाळे, वय सदुसष्ट, मूळची कोरेगाव तालुक्यातली, सध्या राहणार माधवनगर, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही, कोणाचा धाक नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मन स्वस्थ आहे असं मात्र लिहिणार नाही, कारण ते नाही. हा कागद लिहिताना मी सारखी उठते आणि दारात जाऊन येते. वकील नानासो आरवाडे म्हणाले, "काकू, मन शाबूत असलं म्हणजे कायद्याला पुरतं. स्वस्थ असायची अट नाही." म्हणून पुढे लिहिते.

१. माझे यजमान कै. जोतीराम हे फौजेत इंजिनिअर पलटणीत होते. पेन्शनवर आल्यावर घरी बसवेना म्हणून कोकणात एका खाडीवरच्या फेरीबोटीवर इंजिन ड्रायव्हर झाले. सन २०१६ च्या श्रावणात ती बोट गाड्यांच्या ओझ्याने कलंडली. खाली बसलेल्या माणसांना वर यायला एकच जिना होता, आणि त्यावर सगळे अडकले. यजमान इंजिनापाशी होते, तिथून वर येऊ शकले असते. ते माणसं काढायला त्या खालच्या खोलीत गेले आणि त्याच जिन्याखाली सापडले. मी समुद्र तेवढा एकदाच पाहिला, त्यांना आणायला गेले तेव्हा. ती बोट डागडुजी करून, रंग देऊन आजही चालते. मला एक मुलगा वीरधवल व एक सून साक्षी. माझ्या माघारी दुसरा कोणी वारस म्हणून उभा राहिल्यास तो खोटा समजावा.

२. कोरेगावच्या उसाच्या रानातला माझा हिस्सा वीरधवल याने घ्यावा. विकायचा झाल्यास आधी चुलत्याला विचारावं, म्हणजे गावात बोलायला जागा राहणार नाही.

३. दीर अर्जुना यांना यजमानांची फौजेतली पत्र्याची ट्रंक द्यावी. ती मिळावी म्हणून ते लहानपणी नव्हे, चांगले बाप्ये झाल्यावर रुसले होते. त्यांच्याबद्दल मनात दोन गोष्टी आहेत, त्या इथेच ठेवून जाते. यजमानांच्या दहाव्याला चार माणसांत ते मला म्हणाले, "पेन्शनीत भागत न्हवतं व्हय, वैनी, म्हून समुद्रावर धाडलासा?" मी धाडलं नव्हतं. ते स्वतः गेले, आणि जाताना लग्नाला निघाल्यासारखे खूश होते. दुसरी गोष्ट साक्षीचं स्थळ आलं तेव्हाची. मुलगी बोटींचे आराखडे काढते असं कळल्यावर भावजी म्हणाले, "पुन्यांदा बोट घरात आणताय व्हय?" मी त्याच दिवशी होकार कळवला. भावजींनी माझ्या दहाव्याला यावं, जेवावं, बोलू मात्र नये.

४. यजमानांची पान्यांची पिशवी शेजारच्या पप्पू धुळा पुकळे याला द्यावी. त्याचं गॅरेज आहे. पाने तेल लावून ठेवले आहेत. उसने कोणाला देऊ नयेत.

५. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि नंतर वाचनालयात झालं. माझ्याकडची सगळी पुस्तकं माधवनगरच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांतली दोन मुळात त्यांचीच आहेत. ती जहाजांबद्दलची आहेत आणि मला परत करवली नाहीत. दंड होईल तो वीरधवलने भरावा.

६. पितळी हंडा भामाबाई धुळा पुकळे यांना द्यावा असं लिहिलं होतं. त्या आटपाडीकडच्या, मेंढरं सोडून इकडे आलेल्या, आणि मला सख्ख्या बहिणीहून जवळच्या. नानासो म्हणाले, "साक्षीदार म्हणून अंगठा करणार असतील तर त्यांना या कागदानं काही मिळत नाही." भामाबाई म्हणाल्या, "मग आजच दे की. मरंस्तवर हंडा धरून बसणार हाईस व्हय?" हंडा दिला. तो आता या कागदात नाही.

७. घर.

माधवनगर येथील घर, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस पुकळे यांचं घर, उत्तरेस मोकळी जागा, घरास दारं दोन. हे घर यजमानांनी बांधलं, पण जागा माझ्या नावावर घेतली. "मी कायम बाहेर. सही करायला माणूस घरात पाहिजे," असं म्हणाले होते. गवंडी म्हणाला मागचं दार कशाला, भिंत फुकट जाते. त्यावर म्हणाले, "आत शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवावी." फौजेची सवय. त्याच माणसाला शेवटी एक जिना असलेली बोट मिळाली.

आता हे घर कोणाला आणि का, ते सविस्तर लिहिते, कारण यावर भांडण होईल.

त्या खाडीवरच्या जुन्या बोटी काढून नव्या आणायच्या ठरल्या आहेत. नव्या बोटीचा आराखडा पुण्यातल्या एका कचेरीत होतो आहे आणि तो साक्षीकडे आहे. तिने तो मागून घेतला.

गेल्या दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आई, रांगोळी किती आहे घरात?" मग टेप लावून तिने अंगणात बोटीची खालची खोली खरीखुरी तेवढीच रांगोळीने काढली. बाकांच्या जागी पाट मांडले, जिन्याच्या दोन्ही बाजूंना गोण्या ठेवल्या. भामाबाई येऊन बघतात तर, "आक्का, ही कसली गं रांगोळी? ठिपकं कुठं हाईत?" गल्लीतल्या बायकांना बोलावून पाटांवर बसवलं. साक्षी ओरडली, "पाणी आलं!" आधी सगळ्या हसल्या. मग उठल्या. एका जिन्याच्या तोंडाशी अशी दाटी झाली की कोणाच्या बांगड्या फुटल्या, आणि भामाबाई मागून ओरडत होत्या, "आगं सरका की, मी बुडाले हितं!" साक्षीने दुसऱ्या टोकाला गोण्या टाकून दुसरा जिना केला आणि पुन्हा ओरडली. बायका दोन्हीकडे पांगल्या, खोली रिकामी झाली. भामाबाई पलीकडे उभ्या राहून म्हणाल्या, "वाचले गं बाई." त्यावर साक्षी रडली. रांगोळी तुडवली गेली होती, ती मी दोन दिवस झाडली नाही.

दुसरा जिना आराखड्यात आला. या महिन्यात वरून सांगणं आलं की तो काढा. तिथे दुचाकी जास्त मावतील. जिन्याऐवजी छताला एक झाकण आणि भिंतीला उभी लोखंडी शिडी. ते नियमात बसतं म्हणे. भामाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "लुगड्यातली बाई उभ्या शिडीनं चढंल व्हय? आन् काखंत पोर असलं तर?" साक्षीनेही हेच कचेरीत विचारलं. उत्तर मिळालं की महिनाअखेरीस आराखड्यावर सही करा, नाहीतर दुसरीकडे काम बघा.

वीरधवलचा फोन आला. "आई, तू तिला समजाव. सगळं नियमात आहे. तिची नोकरी गेली तर फ्लॅटचा हप्ता कशानं भरू? रस्त्यावर येऊ आम्ही." मी म्हटलं, "तुझे बाबा कुठं सापडले?" तो म्हणाला, "ते काढू नको, आई." तो वाईट नाही. तो घर जाईल म्हणून घाबरला आहे. साक्षीची सहीसुद्धा घर जाण्याच्याच भीतीने होईल.

सबब माझं घर माझ्या पश्चात सून साक्षी वीरधवल जगदाळे हिला, एकटीला, पूर्ण मालकीने द्यावं.

*(वरील सबबपासूनचं वाक्य मी रेघ मारून रद्द केलं आहे. बाजूस माझी सही आहे. कारण पुढे लिहिते.)*

आज सकाळी नानासोंनी हा कागद वाचला आणि विचारलं, "काकू, तब्येत बरी आहे न्हवं?"

"बरी आहे."

"मग महिनाअखेरीला सूनबाईला घर कसं मिळणार? हा कागद तुमच्या माघारी चालू होतो."

भामाबाई म्हणाल्या, "आक्का, दहा दिवसांत मरायचा इचार हाय का काय?"

तिघंही हसलो. तीन दिवस मी बसून लिहीत होते आणि एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भामाबाईंनी बोट केलं ते कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे, जिथे कालपर्यंत हंडा होता.

मी नानासोंना बक्षीसपत्र करायला सांगितलं. ते म्हणाले, "हयातीत घर देऊ नये, काकू. उद्या सुनेनं बाहेर काढलं तर?" मी म्हटलं, काढलं तर जाईन. या घराला दोन दारं आहेत, आणि दोन्ही उघडतात.

त्याप्रमाणे घर आज दुपारी साक्षीच्या नावे होत आहे. तिला मिळेल त्या गाडीने बोलावून घेतलं आहे, कशाला ते फोनवर सांगितलेलं नाही. तिने घरात राहावं, भाड्याने द्यावं, विकून पुण्याचं कर्ज फेडावं. बक्षीसपत्रात अट नाही. आराखड्यावर सही करायची की नाही हे तिचं तिने ठरवावं. फक्त ठरवताना डोक्यावर छप्पर आहे हे तिला माहीत असावं.

म्हणून सातव्या कलमात द्यायचं काही उरलं नाही. नानासो म्हणाले पूर्ण काढून टाकू. मी नको म्हटलं. वीरधवलने हे वाचलं पाहिजे.

या कागदावर मी वाचून, समजून सही केली. साक्षीदारांनी सही व अंगठा माझ्यासमोर व एकमेकांसमोर केला.

लिहून देणार: लीलाबाई जोतीराम जगदाळे (सही)

साक्षीदार:
१. भामाबाई धुळा पुकळे, राहणार माधवनगर (डाव्या हाताचा अंगठा)
२. अॅड. नानासो आरवाडे, राहणार सांगली (सही)

ठिकाण: माधवनगर
दिनांक: २० जानेवारी २०२५, सकाळी. दुपारी निबंधक कचेरीत जायचं आहे, म्हणून इथेच थांबते.